शुद्ध मूलद्रव्यं चुंबकासमोर धरली, तर तांबंच फितूर निघालं

सारणीकर (धागाकर्ता)

मंडळी, गेली काही वर्षं मूलद्रव्यांचे नमुने जमवतोय. आवर्त सारणीतली जी घरात ठेवता येतात आणि ज्यांनी घर पेटत नाही अशी, साधारण चाळीसेक झाली आहेत. नुसती बाटल्यांत बघून कंटाळा आला म्हणून ठरवलं, की एकेक बाहेर काढायचं आणि चुंबकासमोर धरायचं. शाळेत तीनच नावं घोकून घेतली होती: लोखंड, कोबाल्ट, निकेल. बाकीची सगळी ‘अचुंबकीय’. एवढं एक लेबल लावून शंभरच्या वर मूलद्रव्यं निकालात काढली होती, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मांडणी साधी आहे. नमुना वीतभर दोऱ्याला टांगायचा, वारा लागू नये म्हणून रिकाम्या फिशटँकमध्ये. मग २५ मिलिमीटरचा निओडिमिअम चुंबक सावकाश जवळ न्यायचा.

लोखंड, कोबाल्ट, निकेल यांनी अपेक्षेप्रमाणे झडप घातली. टायटॅनिअम, क्रोमिअम, मँगनीज आणि पॅलॅडिअमचा इवलासा मणी हलकेच ओढले गेले. बिस्मथ चक्क मागे सरकलं! मी चुंबक उलटा करून पाहिला. दुसऱ्या ध्रुवालाही मागेच. शिसं, जस्त, चांदी, गंधक यांचं काहीच कळलं नाही.

अडलोय तीन ठिकाणी.
तांबं ओढलं जातंय. सगळी पुस्तकं म्हणतात ते ढकललं गेलं पाहिजे.
अ‍ॅल्युमिनिअम कधी पुढे येतं, कधी मागे जातं. मूड असेल तसं.
गॅडोलिनिअमचा तुकडा सकाळी फ्रिजवरच्या साध्या चुंबकाला चिकटला होता, दुपारी पाहिलं तर खाली पडलेला.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. नमुने विकणाऱ्याने ९९.९ टक्के शुद्ध म्हणून दिले आहेत.

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचेन.

आळशी_इलेक्ट्रॉन

गॅडोलिनिअमचं सोपं आहे. त्याचं क्यूरी तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याखाली ते लोखंडासारखं वागतं, त्यावर गेलं की नुसतं हलकेच ओढलं जातं. सकाळी खोली गार होती, दुपारी तापली. तुमच्या तुकड्याने काहीही गुन्हा केलेला नाही.

लोखंडालाही हे लागू आहे, फक्त त्याची मर्यादा ७७० अंशांवर आहे. निकेलची ३५५ च्या जवळपास, कोबाल्टची ११०० च्या वर. खिळा लालभडक तापवला की चुंबक त्याला ओळखही दाखवत नाही.

उलटा_ध्रुव

म्हणजे गॅडोलिनिअम सकाळी उत्साही आणि दुपारी जेवण झाल्यावर आडवं. आपल्यातलंच दिसतंय.

फळा_खडू

@सारणीकर, धागा आवडला. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

‘अचुंबकीय’ या शब्दावर माझाही राग आहे. चुंबकाला अजिबात दाद न देणारं मूलद्रव्य नाही. दाद किती आणि कुठल्या दिशेला, एवढाच प्रश्न असतो. प्रत्येक अणूतले इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करतात, ते झालं प्रतिचुंबकत्व. हे सगळ्यांत असतं. ज्यांच्यात एकटे, जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतात त्यांच्यात ओढ तयार होते आणि ती बहुधा या विरोधावर मात करते, ते समचुंबकत्व. आणि शेजारशेजारच्या अणूंची ही ओढ एकमेकांना धरून एका दिशेला उभी राहिली, की लोहचुंबकत्व. शेवटच्यात आणि पहिल्या दोघांत फरक थोडाथोडका नाही. बिस्मथची ससेप्टिबिलिटी (म्हणजे चुंबकाला दाद देण्याचं माप; उणे म्हणजे ढकललं जाणं, अधिक म्हणजे ओढलं जाणं) उणे ०.०००१६६ आहे, तांब्याची उणे ०.०००००९६, अ‍ॅल्युमिनिअमची अधिक ०.००००२ च्या आसपास. लोखंडाचा आकडा शेकड्या-हजारांत जातो.

बिस्मथ मागे सरकतं हे अँटन ब्रुगमन्सने १७७८ मध्येच पाहिलं होतं. पण त्याचा पाठपुरावा केला तो मायकेल फॅरेडेने, १८४५ मध्ये. त्याची मांडणी तुमच्यासारखीच होती: दोरा, टांगलेला नमुना आणि तगडा विद्युतचुंबक. जड काचेची कांडी दोन ध्रुवांमध्ये टांगली, तर ती क्षेत्राच्या दिशेने न वळता आडवी होऊन थांबली. मग त्या माणसाने हाताला लागेल ते टांगायला सुरुवात केली. धातू, लाकूड, मांस, सफरचंदसुद्धा. बहुतेक सगळं आडवंच झालं.

त्यामुळे तुमचे नमुने गोळीऐवजी कांडीच्या आकाराचे असतील तर दोन ध्रुवांमध्ये टांगून पाहा. ओढला जाणारा पदार्थ दोन ध्रुवांना जोडणाऱ्या रेषेत उभा राहतो, ढकलला जाणारा काटकोनात. मिलिमीटरभर सरकण्यापेक्षा वळणं डोळ्यांना लवकर दिसतं.

निशिगंधा_र

फळा_खडू, समचुंबकत्व की अनुचुंबकत्व? आम्हाला अनुचुंबकीय शिकवलं होतं.

फळा_खडू

दोन्ही चालतात. मुलं पेपरात पॅरामॅग्नेटिक लिहायची आणि मी गुण द्यायचो.

कानसवाला

तांब्याबद्दल बोलतो, कारण तो माझा प्रांत. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं.

सारणीकर, तो तुकडा कापला कशाने? हॅकसॉने? कडा कशाने घासल्या? कानशीने? मग तुम्ही तांबं तपासत नाही आहात, तुम्ही हॅकसॉचं पातं तपासताय. तांबं मऊ. पोलादाचा बारीक कीस त्यात रुततो आणि डोळ्यांना दिसत नाही. विकणाऱ्याने ९९.९ लिहिलं ते आतल्या मालाबद्दल. वरच्या कातडीला काय लागलंय ते त्या आकड्यात येत नाही.

आळशी_इलेक्ट्रॉन

कानसवाल्यांशी १०० टक्के सहमत. ढोबळ हिशोबच करून पाहिला. तुमच्यासारख्या चुंबकाजवळ तांब्याला जेवढा धक्का बसतो, तेवढी ओढ निर्माण करायला आकारमानाने दहा लाखांत साधारण दोन भाग लोखंड पुरतं, तेही मोकळ्या कणांच्या रूपात असेल तर. म्हणजे ९९.९ सोडा, ९९.९९९ टक्क्यांच्या तांब्यातही गडबड होऊ शकते.

लोखंड तांब्यात अणू-अणू विखुरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते लोखंडासारखं वागत नाही. निकेलचंही तसंच. तांब्यात २५ टक्के निकेल मिसळा, मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही.

उलटा_ध्रुव

दहा लाखांत दोन! एवढ्या कमी मतांवर सरकार पाडणारं पहिलंच मूलद्रव्य.

दोन_पैसे

मला एक कळत नाही. या सगळ्याचे तक्ते शंभर वर्षांपासून छापलेले आहेत. कुठल्याही हँडबुकात ससेप्टिबिलिटी मिळते. घरी फिशटँकमध्ये दोरा बांधून नवीन काय सापडणार? गैरसमज नको, पण उद्योग कशाला?

सारणीकर

@दोन_पैसे, तक्त्यात तांब्यासमोर उणे चिन्ह आहे. माझ्या फिशटँकमध्ये अधिक आलं. तक्ता वाचून मला कानशीबद्दल कळलं असतं का?

@कानसवाला, पकडलंत. हॅकसॉ, आणि नंतर कानस. दोन्ही.

निशिगंधा_र

दोन_पैसे यांना एवढंच सांगेन, की बिस्मथ मागे सरकताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते आणि टाळ्या वाजवल्या. तक्ता वाचून कधी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बिस्मथ नसेल तर यांत्रिक पेन्सिलची बारीक शिसकांडी घ्या (नावात शिसं, आत ग्रॅफाइट). सुईच्या टोकावर किंवा दोऱ्याने आडवी तोलून धरा आणि एका टोकाजवळ निओडिमिअम न्या. हळूच पळ काढते. पायरोलिटिक ग्रॅफाइटची चकती तर चार चुंबकांच्या चौकटीवर हवेत तरंगते, वीज नाही, दोरा नाही, काही नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली आहे. आता लोक यायचे कमी झालेत.

चिमटा

अ‍ॅल्युमिनिअमचं कोणी घेतलंच नाही, मी घेतो.

तिथे दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. अ‍ॅल्युमिनिअम खरोखर ओढलं जातं, पण फार थोडं. आणि ते विजेचं चांगलं वाहक आहे. चुंबक हलला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, तेच एडी करंट, आणि ते हालचालीला विरोध करतात. चुंबक झटकन जवळ नेलात तर तुकडा मागे पळतो. झटकन काढून घेतलात तर मागोमाग येतो. तुमच्या अ‍ॅल्युमिनिअमचा मूड म्हणजे तुमच्या हाताचा वेग.

उपाय: चुंबक गोगलगायीच्या चालीने जवळ न्या आणि थांबा. मनात वीस आकडे मोजा. प्रवाह केव्हाच विरलेले असतील. त्यानंतरही नमुना मूळ जागेपासून सरकलेला दिसला, तर तेवढंच खरं. चांदी आणि तांब्यालाही हेच करा, ती तर अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा चांगली वाहक आहेत.

वाचनमात्र

रुमाल उचलतो. तांब्याच्या जाड नळीतून चुंबक सोडला की तो तरंगत तरंगत खाली येतो, ते हेच ना? मी आजवर लोकांना सांगत होतो की तांबं चुंबकाला धरून ठेवतं.

चिमटा

तेच. तांबं धरत नाही, हालचालीला आडवं येतं. चुंबक नळीत थांबला असता तर प्रवाहही थांबले असते, म्हणून तो कधी पूर्ण थांबत नाही.

कणाद_भक्त

लेखात निओडिमिअम चुंबक वापरलाय. शुद्ध निओडिमिअम धातू दुसऱ्या चुंबकासमोर धरला तर किती जोरात चिकटेल? बोटं जातील का?

आळशी_इलेक्ट्रॉन

निराशा होईल. नुसतं निओडिमिअम खोलीच्या तापमानाला फक्त ओढलं जातं, स्वतः कायमचा चुंबक होत नाही. चुंबकात असतं ते संयुग: निओडिमिअमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू. वजनाने जवळजवळ ७२ टक्के लोखंडच. नाव एकाचं, राबतो दुसरा.

त्याच्या भाऊबंदांत मात्र मजा आहे. टर्बिअम, डिस्प्रोसिअम, होल्मिअम, अर्बिअम ही खोलीच्या तापमानालाही इतकी ओढली जातात की छोटा तुकडा तगड्या चुंबकाला लटकून राहतो. भल्याभल्यांना ती लोखंडासारखी वाटतात. डिस्प्रोसिअम खरं लोहचुंबकीय व्हायला उणे १८५ अंशांच्याही खाली न्यावं लागतं.

कानसवाला

बोटांचा विषय निघालाच आहे तर. दोन मोठे निओडिमिअम एकमेकांकडे झेपावले आणि मधे माझी करंगळी होती. नख काळं पडून गेलं, महिन्यांनी परत आलं. शिवाय हे चुंबक काचेसारखे ठिसूळ, आपटले की कपच्या उडतात, चष्मा घाला. लहान मुलांपासून लांब. दोन चुंबक गिळले गेले तर आतडं मधे चिमटून जिवावर बेततं. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी हा प्रयोग दुसऱ्याच्या व्हिडिओत बघावा.

कणाद_भक्त

क्रोमिअम अँटिफेरोमॅग्नेटिक असतं असं वाचलं. अँटि म्हणजे चुंबकाला विरोध, मग सारणीकरांचं क्रोमिअम ओढलं कसं गेलं? तेही भेसळीचंच का?

फळा_खडू

नाही, ते बरोबर आहे. हा गोंधळ नाव ठेवणाऱ्यांनी घालून ठेवलाय. तिथला ‘अँटि’ शेजाऱ्याविरुद्ध आहे, तुमच्या चुंबकाविरुद्ध नाही. एका अणूचं तोंड वर, शेजारच्याचं खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. सगळ्यांची मिळून बेरीज शून्य. बाहेरून चुंबक आणला की ही रांग थोडी कलते आणि हलकी ओढ दिसते. क्रोमिअममधली ही रचना सुमारे ३८ अंशांपर्यंत टिकते, त्याला नील तापमान म्हणतात. मँगनीजची रचना उणे १७० अंशांच्याही खाली लावली जाते.

आणि गंमत म्हणजे हे मँगनीज, तांबं आणि अ‍ॅल्युमिनिअम, तिघांतलं एकही लोहचुंबकीय नाही. पण तिघांचा ठरावीक मिश्रधातू केला की तो लोहचुंबकीय होतो. फ्रिड्रिश हॉयस्लरने हे १९०३ मध्ये दाखवलं. कोण आहे यापेक्षा कोण कोणाच्या शेजारी आणि किती अंतरावर बसलंय, याला महत्त्व.

उलटा_ध्रुव

मास्तर, ते तुम्ही वर्गातल्या बाकांबद्दल बोलताय.

दोन_पैसे

बरं, उद्योग कशाला म्हणालो होतो, शब्द मागे घेतो. एक प्रश्न. ऑक्सिजनही मूलद्रव्यच ना? तो कसा टांगणार?

चिमटा

टांगायचा नाही, ओतायचा. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, रंग फिकट निळा. तगड्या चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या फटीत ओतला की तो तिथेच अडकून राहतो आणि उकळून नाहीसा होतो. जेम्स ड्यूअरने १८९१ मध्ये त्याचं चुंबकत्व दाखवलं होतं. मी एका प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहिलंय. शेजारीच द्रव नायट्रोजन ओतला, तो सरळ खाली गळून गेला. कागदावर ऑक्सिजनची रचना काढली तर सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले दिसतात, पण प्रत्यक्षात रेणूत दोन एकटे असतात. हे घरी करू नका. द्रव ऑक्सिजन जळाऊ पदार्थांना भेटला की भडका नाही, स्फोट होतो.

वायूरूपातही ही ओढ असते. तिचाच वापर करून लायनस पॉलिंगने १९४० च्या सुमारास हवेतला ऑक्सिजन मोजायचं यंत्र बनवलं. म्हणजे तुमच्या फिशटँकमधली हवादेखील चुंबकाकडे किंचित ओढली जातेय.

वाचनमात्र

अवांतर: चुंबकाने बेडूक तरंगवला होता ना कोणीतरी?

निशिगंधा_र

हो, आंद्रे गाइम आणि सहकारी, १९९७, सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात. बेडूक बहुतांशी पाणी आणि पाणी प्रतिचुंबकीय, म्हणून. बेडूक सुखरूप होता. गाइमला २००० मध्ये त्याबद्दल विनोदी इग नोबेल मिळालं आणि २०१० मध्ये ग्राफीनसाठी खरं नोबेल.

बेडूक मूलद्रव्य नसल्याने इथेच थांबते.

आळशी_इलेक्ट्रॉन

@सारणीकर, मूळ यादीकडे परत येतो. ‘काहीच कळलं नाही’ वाल्यांत तुम्ही गंधक टाकलंय, ते पुन्हा करा. टांगलेल्या नमुन्यात चुंबकाचा धक्का एका बाजूला आणि नमुन्याचं वजन दुसऱ्या बाजूला, अशी रस्सीखेच असते. त्यामुळे ससेप्टिबिलिटीला घनतेने भागून बघायचं. शिसं आणि सोनं इथे मार खातात, ढकलले जातात पण स्वतःच्या वजनापुढे हलत नाहीत. गंधक हलकं. ग्रॅमला ग्रॅम धरलं तर ते तांब्याच्या पाचपटींहून जास्त ढकललं जातं.

दोरा वीतभर नको, किमान मीटरभर घ्या. कोन तेवढाच राहतो, पण सरकणं पाचपट दिसेल. आणि चुंबकाच्या सपाट तोंडाचा मध्य नको, कडेजवळ न्या. नुसतं क्षेत्र तगडं असून भागत नाही, ते जागेगणिक झपाट्याने बदलायलाही हवं.

कानसवाला

आणि तांबं धुवा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, हातमोजे, उघड्यावर. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. लोखंड विरघळेल, तांब्याला फारसं काही होणार नाही. मग भरपूर पाण्याने धुवा आणि पोलादी चिमट्याने उचलू नका, प्लास्टिकचा घ्या. अ‍ॅल्युमिनिअम आणि जस्त त्यात चुकूनही टाकू नका, फसफसून खाल्ली जातील.

चिमटा

चिमट्यांच्या बदनामीचा निषेध.

फळा_खडू

वजनकाटा असेल तर आणखी एक पद्धत. थर्मोकोलचा उंच ठोकळा काट्यावर, त्यावर नमुना, आणि चुंबक वरून स्टँडला घट्ट बांधलेला. ओढला गेला तर वजन कमी दिसतं, ढकलला गेला तर जास्त. ठोकळा उंच हवा, नाहीतर चुंबक काट्यातल्या पोलादी भागांशीच बोलत बसतो. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर बिस्मथ कळतं. तांब्याला तो शून्यच दाखवेल, आणि ते शून्य काट्याचं असतं, तांब्याचं नाही.

सारणीकर

उशीर झाला, क्षमस्व. मधे दोन आठवडे गेले.

तांबं धुतलं. कानसवाले म्हणाले तसंच, प्लास्टिकच्या चिमट्याने. दोरा आता छताच्या हुकापासून, मीटरभराहून लांब. भिंतीवर मिलिमीटरचा कागद लावला आणि मोबाइलचा कॅमेरा स्थिर ठेवला. पहिल्या धुण्यानंतर ओढ कमी झाली पण होती. कडांना घासलेल्या चरांत काहीतरी उरलं असावं. कडा पाण्याच्या पॉलिशपेपरने साफ केल्या, पुन्हा रात्रभर आम्लात. आता चुंबक जवळ नेऊन वीस मोजले की फोटोत जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे. पाच वेळा केलं, पाचही वेळा मागेच. डोळ्यांना दिसत नाही, फोटो एकावर एक ठेवले की दिसतं.

गंधक मागे सरकलं, तेही साध्या डोळ्यांना! अ‍ॅल्युमिनिअम थांबून पाहिलं तर प्रत्येक वेळी पुढे. गॅडोलिनिअम बर्फाच्या पाण्यातून काढून साध्या चुंबकाला लावलं, चिकटलं. तळहातात धरून ऊब दिली, गळून पडलं. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने केलं. निओडिमिअम चुंबकाकडे मात्र ते कोमट असतानाही ओढलं जातं.

जस्ताचं आधी काहीच कळलं नव्हतं, ते आता उलट पुढे येतंय. तेही मी हॅकसॉनेच कापलं होतं, आणि ते आम्लात टाकता येत नाही. कानसवाले, काय करू?

कानसवाला

तुकडा वाकवून मोडा, पात्याला हात लावू नका. मोडलेली ताजी बाजू चुंबकाकडे करा. जमलं नाही तर काचेच्या धारदार कपचीने वरचा थर खरवडा. आणि ती कानस आधी कुलपात ठेवा.